काड्यांना काडी

मागच्या एप्रिलात निफाडकडे मित्राच्या द्राक्षबागेत गेलो होतो. खरड छाटणी नुकतीच झालेली आणि बांधावर काड्यांचा ढीग पेटवलेला.

"अरे, ह्याचे ब्रिकेट होतात की!" मी.

"होतात ना. पण कारखान्यापर्यंत नेणार कोण?" तो.

गोची इथंच आहे. तंत्र काही नवं नाही. काड्या वाळवायच्या, ओल साधारण 10 टक्क्यांवर आणायची, चुरा करून यंत्रात दाबायचा. उष्णतेनं लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच डिंकाचं काम करतं. पण सुट्या काड्यांनी ट्रॉली भरते, वजन भरत नाही. म्हणजे भाडं चक्क हवेचं!

माझं मत विचाराल, तर अनुदान आधी गावोगाव फिरणाऱ्या श्रेडरला द्या, कारखान्याला नंतर. चुरा बांधावरच झाला आणि किलोमागे दोन पैसे सुटले, तर ढिगाला काडी कोण लावेल?