तार झर्र वाजते? आधी कारण शोधा



१४ एप्रिलची जयंती आणि वैशाखातील बुद्धपौर्णिमा या काळात जळगाव-धुळे जिल्ह्यांतील आपल्या गायनपार्ट्यांना उसंत नसते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी चळवळीचा विचार गाण्यातून गावोगाव नेला. पुढे वामनदादा कर्डकांनी तो घराघरांत पोहोचवला. आज त्याच परंपरेतील मंचावर ढोलकी-पेटीबरोबर बेंजो, कीबोर्ड आणि इलेक्ट्रिक गिटारही दिसते. गिटार वाजवणारी मुले बहुधा स्वतःच शिकलेली असतात आणि त्यांची गिटार बहुधा घरच्या काटकसरीतून आलेली असते. म्हणूनच या वेळी सदरात थोडा वेगळा विषय घेत आहे.

तक्रार नेहमीची आहे. तारा बोटाला जड लागतात म्हणून मुलगा एलन की घेऊन स्वतःच सेटिंग करतो. तारा खाली येतात, बोटे हलकी चालतात. पण वाजवू लागताच तार झर्र वाजते. मग तो आणखी एक स्क्रू फिरवतो, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी कोणत्या स्क्रूने काय झाले हे त्यालाही सांगता येत नाही. कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला असतो. घरातून निकाल येतो, "वाद्यच खराब निघाले, विकून टाक." हा निकाल घाईचा आहे. सेटिंगनंतर आलेला झर्र आवाज बहुतेक वेळा घरच्या घरी दूर होतो. अट एकच, आधी कारण शोधायचे आणि मगच हात लावायचा. कारणाशिवाय परिणाम नाही, आणि कारण दूर झाले की परिणामही दूर होतो, ही तथागतांची शिकवण वाद्यालाही लागू आहे.

मुळात हा आवाज येतो कसा? छेडलेली तार दोन्ही बाजूंना झोके घेते आणि त्यासाठी तिला खाली मोकळी जागा लागते. ती कमी पडली की तार फ्रेटच्या धातूवर आपटते. बस, एवढेच. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून तार तिच्यावर मुद्दाम अलगद घासती ठेवतात. त्या गोड झंकाराला जवारी म्हणतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे तारेचे घासणे हा काही अपशकुन नव्हे. तंबोऱ्यात ते मापाने आणलेले असते, आपल्या गिटारीत ते माप चुकून आलेले असते.

गिटारीत ही मोकळी जागा तीन ठिकाणी ठरते. वरच्या टोकाला नट, म्हणजे खुंट्यांकडील खाचांची पट्टी. खालच्या टोकाला ब्रिजवरील सॅडल. आणि दोहोंच्या मध्ये दांडीचा बाक. दांडी अगदी सरळ नसते, तिला किंचित बाक असावा लागतो. तारा दांडीला पुढे ओढतात. नेहमीच्या बारीक तारांच्या संचाची ओढ साधारण ३८ ते ४६ किलो असते, म्हणजे जवळपास सिमेंटच्या एका गोणीचे वजन. या ओढीला तोल देण्यासाठी दांडीच्या पोटात पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना तिचे पेटंट १९२३ साली मिळाले. सळई आवळली की दांडी सरळ होते, सैल केली की बाक वाढतो.

येथे सोण कोळिविस या भिक्खूंची कथा आठवते. चंपा नगरीच्या श्रीमंत घरातील हे सुकुमार तरुण प्रव्रज्या घेतल्यावर चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ होईपर्यंत झिजले, आणि तरीही साध्य हाती येईना म्हणून घरी परतण्याचा विचार करू लागले. गृहस्थ असताना ते वीणा वाजवीत. भगवंतांनी त्यांना तेवढेच विचारले. तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? नाही. फार ढिली असली तर? तरीही नाही. मग त्यांना समजावले की अति ताणलेला प्रयत्न मनाला अस्वस्थ करतो आणि ढिला प्रयत्न आळशी करतो, समतोल साधा. ट्रस रॉडचे काम याहून वेगळे नाही. फार आवळलेली दांडी झर्र वाजते, फार सैल सोडलेली बोटाला जड जाते आणि सूरही बिघडवते.

आता प्रत्यक्ष कामाला लागू.

पहिली गोष्ट, तारा नेहमीच्या सुरात लावा. सूर उतरलेला असताना केलेली तपासणी व्यर्थ आहे. त्यानंतर अॅम्प्लिफायर बंद ठेवून वाजवा आणि मग चालू करून वाजवा. झर्र आवाज फक्त कानाजवळ येत असेल आणि स्पीकरमध्ये अजिबात उतरत नसेल, तर मंचावर त्याचा त्रास नाही. तारा खाली असल्या की इतका आवाज पुष्कळ चांगल्या गिटारींतही येतो.

दुसरी गोष्ट, सेटिंगमध्ये काय काय बदलले ते आठवा. १० नंबरच्या जागी ९ नंबरचा संच टाकला असेल तर ओढ कमी झाली, जुन्या आवळलेल्या सळईचा जोर वरचढ झाला आणि दांडी सरळ झाली. गायकाच्या पट्टीसाठी सगळ्या तारा अर्धा-एक सूर खाली उतरवल्या असतील तरी तेच घडते, आणि ढिल्या तारेचे झोकेही मोठे होतात. आपल्या पार्ट्यांत हे कारण फार आढळते आणि तिकडे लक्ष कोणाचेच जात नाही.

तिसरी गोष्ट, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर सावकाश वाजवून दोषाची जागा कागदावर लिहा. जागाच कारण सांगते. फक्त मोकळी तार झर्र वाजते आणि पहिल्या फ्रेटवर बोट ठेवताच स्वच्छ होते, तर नटची खाच खोल आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटांपर्यंत आवाज येतो आणि पुढे थांबतो, तर दांडी फार सरळ झाली आहे किंवा उलट बाकली आहे. बाराव्याच्या पुढेच येतो, तर सॅडल फार खाली आहे किंवा दांडीचा बाक जास्त आहे. एकाच ठिकाणी येतो, तर त्याच्या पुढचा फ्रेट वर उठलेला असण्याचा संभव आहे; तीन फ्रेटांवर जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड ठेवा, ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. आणि सर्वत्रच आवाज येत असेल, तर एकूण उंचीच कमी झाली आहे.

चौथी गोष्ट, बाक मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. नसेल तर घरातल्या कोणाला बोट दाबून धरायला सांगा. त्याच तारेला शेवटच्या फ्रेटवर आपण दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते पाहा. साधारण पाव मिलिमीटर फट असावी. मोटारसायकलचा मेकॅनिक टॅपेट सेट करताना जे फिलर गेज वापरतो, त्यातील ०.२५ चे पाते तेथे अलगद सरकले पाहिजे. फट मुळीच नसेल तर सळई घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा. फट फार मोठी असेल तर तारा थोड्या उतरवून काट्यांच्या दिशेने पाव फेरा आवळा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा, शक्य तर लाकडाला एक रात्र स्थिरावू द्या. चावी नीट बसत नसेल किंवा नट अडला असेल तर जोर लावू नका. सळई तुटली किंवा नटचे आटे गेले तर दुरुस्ती खर्चिक होते.

बाक ठीक झाल्यावरच तारांच्या उंचीला हात लावा. सतराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत सुमारे १.६ मिलिमीटर, हे फेंडर कंपनीने आपल्या बऱ्याच गिटारींसाठी दिलेले माप सुरुवातीला धरायला चांगले आहे. जोरात वाजवण्याची सवय असेल तर थोडे वर ठेवा. उंची बदलली की सूरही किंचित सरकतो. म्हणून बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळवण्याचे काम सर्वात शेवटी. नटची खाच आणि उठलेला फ्रेट मात्र घरी कानशीने घासू नका. ती कामे जाणकाराची. घासलेला धातू परत येत नाही.

दर बदलाची नोंद वहीत ठेवा: तारीख, कोणता स्क्रू, कोणत्या दिशेने, किती. ताळेबंद जुळला नाही म्हणून कोणी सगळ्या खातेवह्या नव्याने लिहीत नाही, चुकलेली एक नोंद शोधतो. येथेही एका वेळी एकच बदल करा. उपयोग झाला नाही तर तो पूर्ववत करून मगच पुढे जा.

आपल्या खानदेशच्या हवेबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. उन्हाळ्यात पारा ४३-४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि पावसाळ्यात तीच हवा दमट होते. लाकूड ओल घेते आणि सोडते, त्याप्रमाणे दांडीही हलते. दांडीच्या कडेला फ्रेटांची टोके बोटाला टोचू लागली तर लाकूड आकसले असे समजावे. घरात गिटार कूलरच्या ओल्या झोताजवळ, आणि कार्यक्रमाला भर दुपारी टेम्पोच्या तापलेल्या हौद्यात, अशी ये-जा तिला मानवत नाही. कूलर आणि पत्र्यापासून दूर, पिशवीत ठेवा. ऋतू बदलला की बाक एकदा तपासा. एप्रिलमध्ये बसवलेले सेटिंग ऑगस्टमध्ये तसेच राहील असे धरू नका.

प्रत्येक आवाज तारेचा नसतो, हेही ध्यानात असू द्या. खुंटीची सैल नट-चकती किंवा सॅडलचे स्प्रिंगही थरथरते. बोटाने दाबून पाहा. आणि तार न छेडता स्पीकरमधून भुणभुण येत असेल तर तो विजेचा मामला आहे. वाजवताना तारेला किंवा माइकला झिणझिण्या येत असतील तर लगेच वाजवणे थांबवा आणि अर्थिंग तपासून घ्या. प्लगची अर्थची पिन तोडून काम भागवण्याचा प्रकार मंडपात सर्रास चालतो. त्यात जीव जाऊ शकतो. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर काही बिघडत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप मुलांनी का करावा? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी खानदेशात आलेले बाबासाहेब चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. तेव्हा आयुष्यात कधी टांगा न हाकलेल्या आपल्यातीलच एकाने लगाम हाती घेतला. मोरीवर अपघात झाला, घोडा आणि टांगा नदीत गेले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हे लिहून ठेवले आहे. अपराध अस्पृश्यता पाळणाऱ्यांचा होता, त्या बांधवाचा नव्हे. पण वस्तू हाती आली आणि तिची विद्या आपल्यापासून दूर ठेवली गेली, तर काय किंमत मोजावी लागते, हेही त्यात दिसते. आज गिटारीची विद्या कोणी अडवलेली नाही. ती न शिकण्याला आपल्याकडे सबब उरत नाही. स्वतः बाबासाहेबांनी इतक्या कामांच्या रगाड्यात, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते.

तेव्हा प्रत्येक गायनपार्टीने एक लहान डबा बाळगावा. त्यात एलन की, फिलर गेज, सहा इंची पोलादी पट्टी, कॅपो, तारांचा जादा संच आणि नोंदवही असावी. विहारातील एखाद्या रविवारी ज्याला येते त्याने इतरांना शिकवावे. मुलींनाही बोलवावे, आणि नुसते कोरसमध्ये उभे न करता एलन की त्यांच्याही हातात द्यावी. पालकांना विनंती एवढीच की तार झर्र वाजली म्हणून वाद्य विकायला काढू नका. कारण शोधायला मुलाला आठवडाभर द्या. तो नुसती गिटार दुरुस्त करणार नाही, विचार करायलाही शिकेल.

भवतु सब्ब मंगलं.