पदवी, पगार आणि पिढ्या

‘शिक, म्हणजे आमच्यासारखे दिवस काढावे लागणार नाहीत,’ हे वाक्य ज्याने घरात ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. मुलाने आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वर जावे ही आईबापांची इच्छा रास्तच आहे. तिला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. शिकला तो वर गेला आणि जो वर गेला नाही त्याच्या जिद्दीतच काही खोट होती, हे ते गृहीत होय. नाशिकच्या गेल्या शंभर वर्षांकडे पाहिले तर ते टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथील कष्टकऱ्यांची घरे वर आली ती कशी? नाशिकरोडला १९२५ साली सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि १९२८ साली नोटांचा छापखाना. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. सातपूर आणि पुढे अंबड येथे कारखाने उभे राहिले. ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना आला, तर १९७० साली एकलहऱ्याचे वीज केंद्र सुरू झाले. या ठिकाणी कामाला लागलेले सगळेच काय पदवीधर होते? मुळीच नाही. कोणी सातवी पास, कोणी जुनी अकरावी, कोणी आयटीआय केलेला. पण त्यांच्या हाती दरमहा ठरलेला पगार पडू लागला. प्रॉव्हिडंट फंड आला, आजारपणात औषधपाण्याची सोय झाली, सोसायटीचे कर्ज मिळू लागले. त्या आधारावर त्यांनी मुलांना शाळेत टिकवले.

आता दुसरी बाजू पाहा. गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय नाशिकला १९२४ पासून आहे. म्हणजे पदवीची सोय होती. पण मजुराचे मूल मोठ्या संख्येने तेथवर पोहोचायला कित्येक दशके लागली. घरात पगार यावा लागला. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांची फी माफ केली, तेव्हा दार आणखी उघडले. तात्पर्य, आधी पगार आला आणि मग पदवी आली. आपण मात्र हा क्रम उलटा वाचतो.

माझ्याच घरचे उदाहरण देतो. आजोबा सिन्नर तालुक्यातील कोरडवाहू रान सोडून सातपूरला आले. शिक्षण सातवी. एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि तीन वर्षांनी कायम झाले. त्या नोकरीवर दोन खोल्यांचे घर झाले आणि माझे वडील बी.कॉम. झाले. वडील आज अंबडला ठेकेदारामार्फत काम करतात. दर अकरा महिन्यांनी नवा कागद. सातवी शिकलेल्या आजोबांना घरासाठी कर्ज मिळाले होते. पदवीधर वडिलांना बँकेत पहिला प्रश्न विचारला गेला, ‘कायम आहात का?’ तेथेच बोलणे संपले. वडिलांच्या जिद्दीत काय कमी होते, ते मला कोणी दाखवून द्यावे.

ठेकेदारी पद्धतीवर नियंत्रण यावे म्हणून संसदेने १९७० साली कायदा केला. पण एखाद्या कामात ठेकेदारी बंद झाली तरी तेथील कामगार आपोआप कायम होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. याचा घाव कोणावर अधिक बसतो? १९३० साली याच शहरात काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. ज्यांना त्या दाराबाहेर ठेवले होते त्यांच्या मुलानातवंडांना पुढे सरकारी कारखान्यांची दारे राखीव जागांमुळे उघडली. ठेकेदाराच्या यादीत राखीव जागा नसतात. मुलींचे तर बोलायलाच नको. माझ्या आत्याची शाळा नववीत सुटली. भावाच्या कॉलेजच्या वेळा सांभाळायला घरी कोणीतरी हवे होते! अशा आत्या किती घरांत असतील?

कोणी म्हणेल, शहर वाढते आहे, नवे पूल, नव्या इमारती, द्राक्षांची निर्यात. आज ना उद्या सर्वांनाच लाभ होईल. त्यांनी अमेरिकेतील शार्लट शहराकडे पाहावे. बँकांच्या मुख्य कचेऱ्यांनी गजबजलेले, भरभराटीचे शहर! पण राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातील शंभर मुलांपैकी जेमतेम चार-पाच मुलेच सर्वांत वरच्या हिश्श्यात पोहोचलेली आढळली. पन्नास मोठ्या शहरांत शार्लटचा क्रमांक शेवटचा लागला. सॅन होजे शहरात हेच प्रमाण जवळजवळ तेरा होते. मुले तीच, देश तोच, फरक गावाचा. शार्लटच्या नागरिकांनी मात्र हा आरसा फोडला नाही. त्यांनी समिती नेमली आणि २०१७ साली तिचा अहवाल जाहीर केला.

आपल्याकडे असा आरसाच नाही. म्हणून प्राध्यापकवर्गाला माझी नम्र सूचना आहे. स्नेहसंमेलनात आपण यशस्वी माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, तो जरूर करावा. त्याचबरोबर अर्थशास्त्र विभागाने दरवर्षी प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला चार साधे प्रश्न विचारावेत: आजोबा काय काम करीत होते? आई-वडील काय करतात? त्यांचे काम कायम आहे की कंत्राटी? घरातील मुलगी कितवीपर्यंत शिकली? दहा वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठावे आणि जे निघेल ते याच वार्षिकांकात छापावे, मग ते गोड असो वा कडू.

मित्रहो, पदवी घेऊच नये असे मी म्हणत नाही. मी स्वतः ती घेतोच आहे. पण आपल्यापैकी जो मागे राहील त्याला ‘तू कमी पडलास’ असे म्हणण्यापूर्वी, त्याच्या आजोबांना जी नोकरी मिळाली ती आज या शहरात कोणाला मिळते, एवढे तरी आपण विचारले पाहिजे.