शेवटाचा हिशेब

तळोज्यातील एखाद्या व्यापारी कुटुंबाची संध्याकाळ पाहावी. औद्योगिक वसाहतीतील गोदामाला कुलूप लावून घरातील पुरुष परतेपर्यंत रात्र झालेली असते. सूर्यास्तापूर्वीच जेवण उरकलेल्या आजी तोवर सुनेला शेजारी बसवून मालिका लावतात. दिवसभरात सासू-सुनेला निवांतपणे एकत्र मिळणारा तो एकच अर्धा तास. अशा कितीतरी संध्याकाळी सरतात, अखेरचा भाग येतो आणि आजी विचारतात, ‘एवढ्यासाठीच का इतकी वर्षे बसलो?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भाग चालली. जाहिराती वगळून एका भागाची वीस मिनिटे धरली, तरी प्रेक्षकाने आपल्या आयुष्यातील एक हजार तास तिला दिले. इतके भांडवल गुंतवणाऱ्याने शेवटी चोख हिशेबाची अपेक्षा धरली, तर त्यात गैर काय?

तो हिशेब बहुधा मिळत नाही, याचे कारण लेखकाच्या प्रतिभेत शोधणे अन्यायाचे होईल. दैनंदिन मालिका सुरू होते तेव्हा तिचा शेवट ठरलेलाच नसतो. दर आठवड्याचे टीआरपीचे आकडे तिचे आयुष्य ठरवतात. आकडे चढते असले की कथा ताणली जाते. उतरले की थोड्याच अवधीत ती गुंडाळावी लागते. ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतील जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की, घरोघरी तो थट्टेचा विषय झाला. ‘रात्रीस खेळ चाले’ या २०१६ मधील मालिकेने कोकणातील नाईकांच्या वाड्याचे गूढ महिनोन्‌महिने वाढवत नेले; पण अखेरीस मिळालेली उत्तरे अनेक प्रेक्षकांना अपुरी वाटली. प्रश्न वाढवताना उत्तरांची तरतूद झाली नाही, म्हणजे असेच व्हायचे.

अमाप पैसा ओतूनही ही उणीव भरून निघत नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही जगभर गाजलेली इंग्रजी मालिका ज्या कादंबऱ्यांवर बेतली होती, त्या अपूर्णच होत्या. २०१९ मध्ये अवघ्या सहा भागांच्या अखेरच्या पर्वात तिचा शेवट उरकण्यात आला, तेव्हा ते पर्व नव्याने चित्रित करावे, अशा मागणीच्या अर्जावर पंधरा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या.

याउलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आठवावी. जानेवारी २०१२ मध्ये सुरू झालेली ही मालिका त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपली. घना आणि राधा यांचे सोयीसाठी झालेले लग्न खऱ्या सहजीवनात बदलले, तिथे गोष्ट पूर्ण झाली. लोकप्रियता असतानाही ती थांबली, म्हणूनच आजही तिचे नाव आपुलकीने निघते.

व्यापारी घरांना यातील मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. खाते उघडतानाच परतफेडीची मुदत ठरवावी, हे दुकानात बसणारा मुलगाही जाणतो. मग मालिकेच्या बाबतीत ही मुदत प्रेक्षकाने स्वतःच का ठरवू नये? कथा पुढे सरकेनाशी झाली, तेच ते गैरसमज पुन्हा दिसू लागले की दूरचित्रवाणी संच बंद करण्याचा अधिकार आजींच्याच हाती आहे.

मात्र संच बंद केला तरी आजींनी आणि सुनेने त्या वेळी तिथेच बसावे. इतकी वर्षे जान्हवीच्या सासवांविषयी इतके बोलणे झाले. आता सुनेच्या माहेरची खुशाली विचारायला तोच अर्धा तास उपयोगी पडेल.