११६ विजय काय रद्दीत घालायचे?

बेसबॉलचा विषय निघाला की सिअ‍ॅटलमधल्या आपल्या मंडळींचा एकच टोमणा: "मरिनर्सनी वर्ल्ड सिरीज कधी जिंकली?" नाही जिंकली, मान्य. २००१ मध्ये १६२ पैकी ११६ सामने जिंकले, इचिरोचं अमेरिकेतलं पहिलंच वर्ष, आणि पुढे यांकीजनी ४-१ ने घरी पाठवलं. म्हणून ते सहा महिने फुकट गेले?

२००६ ला सेंट लुईस कार्डिनल्स मोसमात जेमतेम ८३ सामने जिंकून चॅम्पियन झाले. त्यांचा मान त्यांना. पण ८३ वाला संघ ११६ वाल्यापेक्षा सरस, हे मला कोणी शिकवू नये. या खेळात चांगला संघही दहातले चार सामने हरतो. पाच-सात सामन्यांत एखादा पिचर पेटला की खेळ खल्लास. जवळपास रोज खेळून, प्रवास आणि दुखापती झेलून ११६ वेळा नशीब साथ देत नाही हो! (२०२३ ला सलग १० जिंकून अहमदाबादला फायनल हरलेली रोहितची टीम आठवा.)

२०२२ पासून प्लेऑफला १२ संघ. त्याच वर्षी १११ विजयांच्या डॉजर्सना पाद्रेसनी बाहेर काढलं, जे मोसमात त्यांच्या २२ विजय मागे होते. फक्त ऑक्टोबरच मोजायचा, तर मालक लोक एप्रिलची तिकिटं कसली विकतात?