गल्ल्यातील परकी रक्कम



जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २३ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. नियमित प्रवासी विमानासाठी मात्र डिसेंबर २०१७ उजाडला. तेव्हा आलेली एअर डेक्कन टिकली नाही. २०१९ मध्ये आलेली ट्रूजेटही थांबली. एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय ९१ आली. धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर तर वैमानिक घडले, पण धुळेकर प्रवाशाची सोय झाली नाही.

प्रवासी थोडे, इंधन महाग, ही कारणे खरीच. परंतु विमान कंपनी व विमानतळ यांचा परस्परव्यवहार पाहिला, की तो आपल्या दाणा बाजारातीलच वाटू लागतो. विमान उतरल्याचे व थांबल्याचे शुल्क बहुधा उधारीवर असते. हमी म्हणून अनामत किंवा बँक गॅरंटी घेतली जाते. (उडान योजनेत ही शुल्के माफ आहेत, तेथे विमानतळाने अग्निशमन दल सज्ज ठेवून विमानाची वाट पाहायची, हाच विश्वास.) मोठ्या विमानतळांवर प्रवाशाच्या तिकिटातच विमानतळाचे विकास शुल्क असते. ते कंपनी गोळा करते आणि पुढे भरते. मधल्या काळात ती रक्कम कंपनीच्या खात्यात असते, पण कंपनीची नसते. अडत्याच्या गल्ल्यात शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीचे पैसे असावेत, तशी.

जळगावचा विमानतळ सुरू झाला त्याच वर्षी किंगफिशर कोसळली. विमानतळांची बिले थकली होती, म्हणून प्राधिकरणाने उधारी बंद करून रोखीचा आग्रह धरला. प्रवाशांकडून घेतलेला सेवाकर आणि पगारातून कापलेला आयकरही सरकारजमा झाला नव्हता. ऑक्टोबर २०१२ मध्ये परवाना निलंबित झाला. कर्ज बुडण्यास दैव म्हणता येईल. दुसऱ्याच्या नावाने घेतलेली रक्कम वापरण्यास नाही.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘न्यासापहार’ सांगितला आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरून कमी मागतो आणि सांभाळणारा म्हणतो, ‘हो, तेवढीच होती.’ पाहता ही चोरी. पण आचार्यांनी ती अचौर्याखाली न घेता सत्याखाली घेतली, कारण अपहार त्या एका होकारात घडतो.

किंगफिशरला नावे ठेवणे सोपे आहे. ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी पुढील महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आपल्याही चालू खात्यात असतो. कपाशीचा हंगाम, माल समोर, भाव अनुकूल. अशा वेळी खात्यातील कोणता रुपया कोणाचा, हे विचारायला मुनीमही धजत नाही. काही पेढ्यांनी या रकमेसाठी निराळे खाते उघडले आहे. रोजची विक्री लिहून झाली, की कराचा भाग त्याच संध्याकाळी तेथे वळवतात. कायद्याने असे खाते सक्तीचे केलेले नाही.