विहीर खणण्याआधी नकाशा काढा

डोंगरकड्याच्या शिवारात बहुधा वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. हा सारा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा संसार.

आता आपल्या जिल्ह्यातली कयाधू ज्या पैनगंगेला मिळते, तिच्या काठाने पार खाली चंद्रपूरकडे चला. तिथे इरईजवळ निराळाच प्रकार आहे. चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला, त्यावर एकाच दिशेने गेलेले ओरखडे, आणि वर चिकणमातीत रुतलेले लहानमोठे गोटे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ साली त्यावर लिहिले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिथून बर्फाच्या लाद्या सरकत गेल्या, त्यांची ही खूण!

बर्फाची खूण ओळखावी कशी? वाहते पाणी उपणणी करते. जड गोटे आधी टाकते, मग वाळू, शेवटी गाळ. बर्फ उपणत नाही. खळ्यावरची रास माती-खड्यांसकट तशीच टाकून जातो. आणि फळी फिरवताना खाली खडा अडकला की रानात रेघ उठते ना? तसेच ते ओरखडे.

फिनलंड, स्वीडन, कॅनडा या देशांत असा बर्फ अगदी अलीकडे, दहाबारा हजार वर्षांपूर्वी वितळला. त्याचा माल अजून शेतांत वरच पडला आहे. तिथले लोक रानोरान हिंडून, चर आणि विहिरींच्या कडा पाहून, गिरमिटाने माती काढून त्याचे नकाशे करतात. चिकणमातीला एक रंग, वाळू-गोट्यांना दुसरा. का? तर गोटेवाळूच्या धारेत पाणी साठते, गोटेमिश्रित चिकणमातीतून ते फारसे झिरपत नाही. फिनलंडमध्ये कितीतरी गावे अशाच धारांतले पाणी पितात.

आपल्याकडे बर्फाचा माल नाही, पण रीत तीच उपयोगी पडते. आपले पाणी कुजलेल्या मुरमात आणि भेगाळ खडकात राहते. अखंड पाषाणात ते फार थोडे. मग पोरांना हाताशी घ्या आणि गटाचा कच्चा नकाशा काढा. भारी जमीन कुठे, हलकी कुठे, चोपण कुठे, चुनखडी कुठे? आसपासच्या विहिरींत मुरूम किती हातांवर लागला, पाणी कोणत्या महिन्यात आटते? आजीलाही विचारा. पोतेऱ्याची पांढरी माती कुठून आणत, कोणता झरा उन्हाळाभर टिके, हे तिलाच ठाऊक असते.

तो कागद घेऊन भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जाणकाराकडे जा. विहीर कोरडी निघाली तर कर्ज तेवढे उरते आणि ते सगळ्या घराला फेडावे लागते. पाणाड्याच्या नारळावर पैसा लावण्याआधी एक दुपार या नकाशाला द्या. जमीन आपली गोष्ट सांगत असते, मंडळी. ती कागदावर उतरवून घ्या.