साऱ्या चाळीला कुलूप

२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. कोणते पत्र काय छापणार आहे, याची चौकशी कोणी केली नाही. रस्ताच अंधारात लोटला. इंटरनेटवरील बंदीच्या आदेशांतून हीच रीत आता पुनश्च अवतरली आहे आणि आपल्या चळवळीने तिची पुरेशी दखल घेतलेली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

प्रत्येक संकेतस्थळाला आयपी पत्ता नावाचा एक अंकी पत्ता लागतो. जुन्या, पण अद्यापि सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. दुर्मिळ वस्तूला बाजारात भाव येतो, तसा यांनाही आला. परिणामी कामगार संघटना, ग्रंथालय, तालुक्याचे साप्ताहिक अशी तुटपुंज्या पैशांची मंडळी एकाच पत्त्यावर, चाळीतल्या बिऱ्हाडांप्रमाणे, दाटीने नांदतात. बेन एडेलमन या अमेरिकी संशोधकाने २००३ साली केलेल्या पाहणीत ८७ टक्क्यांहून अधिक चालू संकेतस्थळे पत्ता वाटून घेत असल्याचे आढळले. दोन-तृतीयांशांहून अधिक स्थळांना तर पन्नास किंवा त्याहून जास्त शेजारी होते. सरकारने पत्त्यावर बंदी घातली की एका बिऱ्हाडापायी साऱ्या चाळीला कुलूप लागते.

रशियातील व्लादिमीर खारितोनोव्ह यांचे उदाहरण बोलके आहे. इलेक्ट्रॉनिक प्रकाशनव्यवसायाच्या बातम्या देणारे त्यांचे संकेतस्थळ २०१२ च्या अखेरीस अचानक बंद पडले. त्याच पत्त्यावरील दुसऱ्या एका स्थळावर गांजाविषयीच्या लोककथा होत्या. अमली पदार्थविरोधी खात्याचा रोख त्यांच्यावर होता. खारितोनोव्ह यांना नोटीस नाही, आरोप नाही. स्वदेशातील न्यायालयांत दाद न मिळाल्याने ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले, आणि २३ जून २०२० रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. मधे साडेसात वर्षे लोटली होती!

हा केवळ हुकूमशाही देशांचा रोग नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे रोखण्यासाठी कायदा झाला. हेतूविषयी दुमत असूच शकत नाही. परंतु चारशेहून कमी दोषी स्थळांपायी अकरा लाखांहून अधिक निर्दोष स्थळे बंद झाली, असे नमूद करून संघीय न्यायालयाने २००४ साली तो कायदा रद्द केला. आपल्याकडे सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील एका बंडखोर संघटनेचा याहूवरील एक गट बंद करण्याचा आदेश निघाला; सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी याहूचे झाडून सारे गट बंद केले.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखालील २००९ चे नियम अशा आदेशांची कार्यवाही गोपनीय ठेवतात. म्हणजे शेजाऱ्यापायी ज्याचे स्थळ बुडाले, त्याने तक्रार करावी तरी कोणत्या आदेशाविरुद्ध? आदेशात नेमके पान नमूद असावे, सामायिक पत्त्यावर बंदी घालण्यास कायद्याने मनाई असावी, आदेश प्रसिद्ध व्हावा आणि अकारण भरडल्या गेलेल्यास सुनावणीचा हक्क मिळावा, एवढी मागणी तरी आपल्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात लावून धरावी.